रिमांडच्या कागदातला ‘सराईत’ शब्द: शिक्षेमुळे आला की जमातीमुळे, आणि त्याला हरकत कशी घ्यायची?

भायखळा_पूल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुंबईत सिग्नलवर, पुलाखाली, फुटपाथवर राहणाऱ्या पारधी, वाघरी, कैकाडी कुटुंबांसोबत काम करणाऱ्या पॅरालीगल स्वयंसेवकांसाठी मराठीत चार पानांचं टिपण करायचं आहे. इतिहास थोडक्यात ठेवून कामाचं जास्त द्यायचंय.

अडलंय ते असं. गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला हे सगळे सांगतात. पण रिमांड रिपोर्टमध्ये (कोठडी मागताना पोलीस कोर्टाला देतात तो कागद) ‘सदर आरोपी हे सराईत गुन्हेगार असून फासेपारधी समाजाचे आहेत’ असं एका दमात लिहिलेलं असतं आणि कोर्टात त्यावर कुणी बोलत नाही. हे वाक्य कायद्यात बसतं का? बसत नसेल तर हरकत नेमकी कधी आणि कुठल्या आधारावर घ्यायची? आणि सगळ्याच पारध्यांना अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि मोफत वकील मिळतो हे खरं आहे का? परदेशातल्या आदिवासींच्या तुरुंगवासावर बरंच लिहिलं गेलंय, त्यातलं इथे काही कामाचं असेल तर तेही सांगा.

---

किल्लाकोर्ट_बाकडं

वाक्य कायद्यात बसत नाही. पण नुसतं ‘हे जातीयवादी आहे’ म्हणून उभं राहिलात तर मॅजिस्ट्रेट मान डोलावतील आणि पीसी (पोलीस कोठडी) देतील. कागद सुटा करून वाचायला शिकवा.

आधी ‘सराईत’. हे विशेषण नाही, याला कायद्यात अर्थ आहे. सराईत गुन्हेगार कायद्यांच्या व्याख्येत शिक्षा झालेली असावी लागते, तीही ठरावीक काळात वारंवार. रिमांड रिपोर्टमध्ये मात्र ‘पूर्वीचे गुन्हे’ म्हणून एफआयआरचे नंबर असतात. त्यातले किती सुटले, किती पडून आहेत, किती दुसऱ्याच माणसाचे आहेत ते लिहिलेलं नसतं. म्हणून पहिली मागणी एकच ओळीची: प्रत्येक गुन्ह्यापुढे निकाल काय लागला ते तपास अधिकाऱ्यानं लिहून द्यावं. दुसऱ्याच माणसाचे म्हणतो त्याला कारण आहे. भोसले, काळे, पवार, चव्हाण, शिंदे ही आडनावं पारध्यांत जागोजागी आहेत, पहिली नावंही तीच तीच, आणि त्यात ‘ऊर्फ’. आधार कार्ड नसेल तर एका काळेचे गुन्हे दुसऱ्या काळेच्या नावावर सहज चढतात. वडिलांचं नाव, वय आणि अटकेच्या तारखा जुळवून बघा. ज्या तारखेला माणूस आधीच तुरुंगात होता त्या तारखेचा गुन्हाही यादीत सापडू शकतो.

मग कलम बघा. चार कलमं सतत दिसतील.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 122. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर पडलेला किंवा रेंगाळणारा, चोर म्हणून लौकिक असलेला आणि स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा न देणारा माणूस. आता फुटपाथवर झोपणारं कुटुंब घ्या. रात्र आहे, रस्ता आहे, माणूस पडलेला आहे. अर्धं कलम नुसतं झोपल्यानं पुरं झालं. उरलं ‘लौकिक’ आणि ‘समाधानकारक’, आणि लौकिकाच्या जागी जमातीचं नाव ठेवलं की काम झालं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा इथे परत येतो, नाव न घेता. हरकत इथेच घ्यायची: लौकिक या व्यक्तीचा दाखवा, समाजाचा नको. शिवाय हा माणूस रोज त्याच जागी झोपतो, समोरचा चहावाला आणि सुलभवाला ओळखतो, हाच खुलासा आहे. त्या दोघांची नावं जबाबासाठी लेखी द्या.

त्याच कायद्याचं 124. जवळच्या वस्तूचा हिशोब देता आला नाही, एवढाच आरोप. बायकांच्या गळ्यातला दागिना किंवा गाठोड्यातले दोन मोबाईल यात जातात. पावती कुणाकडेच नसते. मोबाईल कुठल्या तक्रारीतला आहे, आयएमईआय जुळला का, हे विचारलं की बऱ्याचदा तक्रारच नाही असं निघतं.

तिसरं दरोड्याची तयारी. पूर्वीचं दंड संहितेचं 399 आणि 402, आता भारतीय न्याय संहितेचं 310 (4) आणि 310 (5). याचा एफआयआर वाचताना पेन्सिल घेऊन बसा. ‘गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी’, मग सापळा, मग ‘तीन इसमांना जागीच पकडले, दोन इसम अंधाराचा फायदा घेऊन पळून गेले’. दोनच का पळाले? कारण 310 (5) ला पाच माणसं जमलेली लागतात. पकडलेले अधिक पळालेले मिळून नेमके पाच होतात का ते मोजा. झडतीत कटावणी, दोरी, मिरचीपूड, सुरा, स्क्रू-ड्रायव्हर. मिरचीपूड कुठल्या पुडीत, वजन किती, सील कुणासमोर लावलं, आणि पंच याआधी किती पंचनाम्यांत आले आहेत ते शोधा.

1 जुलै 2024 पासून एक नवीन हत्यार हातात आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली) कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. पहिल्याच रिमांडला विचारा, चित्रण आहे का, किती वाजता सुरू झालं. ‘अंधारात नीट आलं नाही’ हे उत्तर आलं तर ते रोजनाम्यात लिहून घ्या, खटल्याच्या वेळी सोन्यासारखं उपयोगी पडतं.

चौथं नवीन आहे, न्याय संहितेचं 112, किरकोळ संघटित गुन्हेगारी. गटाचा किंवा टोळीचा सदस्य असून चोरी, हिसकावणं, असं काही केलं तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त सात. एरवी पाच हजारांखालची चोरी पहिल्यांदा केली आणि वस्तू परत दिली तर 303 खाली सामाजिक सेवेची शिक्षा आहे. तीच चोरी ‘टोळी’त टाकली की खालची मर्यादा एक वर्षावर जाते. दीर, जाऊ, सासू, नवरा एकत्र राहतात म्हणून ती टोळी होत नाही, हे सांगावं लागतं. विनोदी वाटेल, पण सांगावं लागतं.

वेळेचं आता. चोवीस तास अटक पंचनाम्यावरच्या वेळेपासून मोजू नका, माणूस प्रत्यक्ष ताब्यात आला तेव्हापासून मोजा. ‘चौकशीसाठी आणलंय, अटक नाही’ हे चालू असतं तेव्हाच स्वयंसेवकानं तीन गोष्टी कराव्यात: पोलीस ठाण्याच्या आणि नियंत्रण कक्षाच्या ई-मेलवर वेळ टाकून दोन ओळी, 112 ला कॉल, आणि ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जतन करण्याचा अर्ज. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला ठाण्यांतलं चित्रण शक्यतो अठरा महिने आणि कमीत कमी वर्षभर ठेवायला सांगितलंय. पण नेमक्या तासासाठी अर्ज लगेच गेला नाही तर पुढे कॅमेरा ‘बंद’ होता असं कळतं. कुटुंबातल्या बायकांना ‘साक्षीदार’ म्हणून ठाण्यात बसवून ठेवत असतील तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 दाखवा. बाईला, पंधराखालच्या मुलाला, साठीपुढच्या माणसाला साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही. राहती जागा फुटपाथ असली तरी.

आणि भाषा. अटकेची कारणं लेखी द्यायची, हे पंकज बन्सल, प्रबीर पुरकायस्थ, विहान कुमार या निकालांतून पक्कं होत गेलं. नोव्हेंबर 2025 च्या मिहीर शहा निकालात, तोही महाराष्ट्राचाच, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी हवीत आणि रिमांडला उभं करण्याच्या निदान दोन तास आधी हातात हवीत. पारध्यांची घरची बोली गुजरातीच्या जवळची आहे, मराठी बाजारापुरती. कोर्टाची मराठी म्हणजे ‘सबब’, ‘नमूद’, ‘इसम’. अंगठा घेतलेल्या कागदाखाली कुणी वाचून दाखवलं, कुठल्या भाषेत, हे नसेल तर हरकत घ्या. मात्र मुक्कामाला पोहोचलो असं समजू नका. कारणं नीट देऊन पुन्हा ताबा मागण्याची वाट पोलिसांना खुली आहे. फायदा असा की पहिल्या कोठडीतले दिवस, म्हणजे कबुल्या आणि ‘निवेदन पंचनामे’ होतात ते दिवस, हातचे जातात.

---

जुनं_दप्तर

वरच्यांनी बहुतेक लिहिलंय, मी फक्त ‘आधार काय’ ते.

टिपणात सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार, 3 ऑक्टोबर 2024 हा निकाल ठळक घ्या. लोक तो फक्त तुरुंगात झाडू कुणी मारायचा याचा निकाल समजतात. त्यात विमुक्त जमातींवर (गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाल्यावर त्यातून सुटलेल्या) स्वतंत्र चर्चा आहे. तुरुंग नियमावल्यांत ‘सवयीचे गुन्हेगार’ हा शब्द राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वापरायचा, जमातीवरून नाही, असं सांगितलंय. कच्च्या आणि शिक्षा झालेल्या कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलाय. आणि तुमच्या कामाचं म्हणजे, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार (2014) आणि अमानतुल्ला खान (2024) या निकालांतल्या सूचना पाळण्याचा थेट आदेश पोलिसांना आहे. दुसरा निकाल हिस्ट्रीशीटचा, म्हणजे ठाण्यात गुन्हेगार म्हणून ठेवलेल्या नोंदीचा आहे. मागास समाजातल्या लोकांची नावं यांत्रिकपणे त्यात चढतात, याची दखल न्यायालयानं घेतली आहे. अर्नेश कुमार म्हणजे सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची ते लिहून द्या, नाहीतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 (3) ची हजर राहण्याची नोटीस द्या. तेव्हा 122, 124 आणि साध्या चोरीत पहिला प्रश्न ‘नोटीस का नाही?’

पोलीस ठरलेलं उत्तर देतील, ‘कायमचा पत्ता नाही, पळून जाईल’. त्याला उत्तर रेशनकार्ड, मुलाच्या पालिका शाळेचा दाखला, अंगणवाडीची नोंद, मतदार यादी, गावाकडचा सरपंचाचा दाखला. हे अटकेनंतर नाही, आधीच एका प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून ठेवायला सांगा. पालिकेची गाडी सामान उचलून नेते तेव्हा हीच पिशवी आधी जाते, म्हणून फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये.

इतिहासात एक दुरुस्ती. 1871 चा कायदा पहिल्यापासून मुंबई इलाख्यात नव्हता. इथे तो 1911 च्या कायद्यानं आला, 1924 ला एकत्र केला गेला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, पास आणि तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अजून तोंडात आहे ते त्यातलंच.

आणि नुसत्या चोऱ्यामाऱ्यांचं प्रकरण आहे असं कुणी म्हणालं तर अंकुश मारुती शिंदे निकाल दाखवा. 2003 चा गुन्हा, भटक्या जमातीतले सहा मजूर, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली, आणि 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयानं सहाही निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. जिवंत राहिलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांचा तपासच पुढे गेला नाही. सहांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

---

स्टेशन_डायरी

दुसरी बाजू मांडतो, रागावू नका.

घरफोडीची पद्धत, वेळ, हत्यार यावरून संशयितांची यादी काढणं हे जगभरच्या पोलिसांचं काम आहे. एखाद्या टोळीतली माणसं नातेवाईक असली तर यादीत नातेवाईकच येणार. पोलिसांनी डोळे मिटून घ्यायचे का? रात्रपाळीच्या हवालदाराला निकालांचे नंबर सांगून उपयोग नाही, त्याला वरून ‘प्रतिबंधक कारवाया किती केल्या’ असा आकडा मागतात. महिनाअखेरीस 122 चे आणि चॅप्टरचे (चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याच्या प्रतिबंधक कारवाईचे) कागद वाढतात ते त्यामुळे. जो जामिनाला माणूस आणू शकत नाही, वकील आणू शकत नाही, त्याच्यावर कागद करणं सगळ्यात सोपं. यात जातीचा द्वेष असेलच असं नाही, पण भार त्यांच्यावरच पडतो हे कबूल.

टिपणात एक व्यावहारिक गोष्ट घाला. ठाण्यात गेल्यावर वादाला सुरुवात ठाणे अंमलदारापासून करू नका. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, पोच, आणि स्टेशन डायरीत नोंद घ्या एवढंच म्हणा. नोंद नंबर मागा. तोंडी भांडणात सरकारी कामात अडथळ्याचा नवीन गुन्हा होतो आणि स्वयंसेवकच आत जातो.

---

किल्लाकोर्ट_बाकडं

@स्टेशन_डायरी, आकड्यांबद्दल लिहिलंत ते बरं झालं, बाहेर कुणी बोलत नाही. पद्धतीवरून यादी काढा, हरकत नाही. पण मग यादीत पद्धत लिहा. ‘खिडकीचे गज कापून’ ही पद्धत आहे, ‘पारधी’ ही पद्धत नाही. हिस्ट्रीशीट एका माणसाची असते, तीत बायकामुलांची नावं कशाला हवीत?

चॅप्टरचं राहिलं होतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 128 (स्वतःला लपवत असल्याचा संशय) आणि 129 (सवयीचा गुन्हेगार), जुन्या भाषेत 109 आणि 110. मुंबईत हे कोर्टात नाही, विभागाच्या एसीपीसमोर चालतं, ते विशेष कार्यकारी दंडाधिकारी असतात. म्हणजे कागद करणारं खातं आणि निकाल देणारं खातं एकच. वर ‘सवयीचा’ हे सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्यानं सिद्ध करता येतं अशी कायद्यातच सोय. म्हणून इथे नोटीस नीट वाचा. कलम 130 च्या आदेशात मिळालेल्या माहितीचा सारांश, बाँडची रक्कम, मुदत आणि किती जामीनदार हे लिहिलेलं असायलाच हवं. छापील फॉर्ममध्ये फक्त नाव भरलं असेल तर तीच पहिली हरकत. चौकशी सहा महिन्यांत संपली नाही तर, खास कारणं नोंदवून मुदत वाढवलेली नसेल तर, कार्यवाही आपोआप संपते. ही तारीख डायरीत लिहून ठेवा. आणि बाँडवर सही करण्याआधी समजून घ्या की बाँडच्या मुदतीत नवीन काही घडलं तर पैसे जप्त होतात आणि आत जावं लागतं. ‘सही कर आणि जा’ असं म्हटलं की माणूस सही करतो. पुढच्या वेळी तोच बाँड ‘पूर्वीची प्रतिबंधक कारवाई’ म्हणून तडीपारीच्या प्रस्तावात लागतो.

तडीपारी झालीच तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 60 खाली तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. तीस म्हणजे तीस.

---

दाखला_खिडकी

‘सगळ्या पारध्यांना अ‍ॅट्रॉसिटी लागू’ हे चूक आहे आणि ही चूक महागात पडते.

महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी, लंगोली पारधी, टाकणकर वगैरे अनुसूचित जमातीत आहेत. पाल पारधी आणि राज पारधी मात्र विमुक्त जाती (अ) मध्ये, ज्यात एकूण 14 जमाती आहेत: बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद वगैरे. विमुक्त हा राज्याचा प्रवर्ग आहे. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा फक्त अनुसूचित जाती-जमातींना लागतो. तेव्हा एकाच पुलाखाली शेजारी झोपलेल्या दोन पारध्यांपैकी एकाला खोट्या गुन्ह्यासाठी कलम 3 (1) (p) आणि (q) वापरता येतं, दुसऱ्याला नाही. कैकाड्यांचं आणखी वेगळं, विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जाती, बाकी राज्यात विमुक्त. जमात विचारताना ‘पारधी’वर थांबू नका, कुठले पारधी ते विचारा, आणि मूळ जिल्हा विचारा.

दाखल्याला अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 आणि विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा किंवा वास्तव्य दाखवावं लागतं. अर्ज त्या तारखेला कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या प्रांताकडे जातो, वांद्र्याला नाही. इथे निम्मे लोक वाट चुकतात. शाळेचा दाखला नसतोच. गंमत म्हणा की क्रूरपणा, गुन्हेगार जमातीच्या नोंदवहीत किंवा जुन्या पोलीस कागदात आजोबांचं नाव आणि जमात सापडली तर तोच पुरावा म्हणून जोडता येतो.

मोफत वकिलाचं उत्तर वेगळं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये अनुसूचित जाती-जमाती, बायका, मुलं आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती येते, उत्पन्न न बघता. विमुक्त पुरुष बाहेर असेल तर उत्पन्नाचा निकष, आत गेला की निकष नाही. फोन 15100.

---

भायखळा_पूल

हे सगळं सोन्यासारखं आहे, आभार. एकच राहिलं. जामीन मंजूर होतो आणि माणूस आर्थर रोडलाच बसून राहतो, कारण जामीनदार नाही. सॉल्व्हन्सी (जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला) आणणार कोण? आणि तो परदेशी भाग?

---

किल्लाकोर्ट_बाकडं

जामीनदाराचं आदेशाच्या दिवशीच मागा, नंतर नाही. आदेशात ‘15,000 चा पीआर बाँड (आरोपीचा स्वतःचा जातमुचलका) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार’ असं आलं की लगेच तात्पुरत्या रोख जामिनाची मुदत मागून घ्या, जामीनदार शोधायला वेळ मिळतो. रक्कमच जास्त असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 484, ती परिस्थितीला धरून हवी, अवाजवी नको.

जामीनपात्र गुन्हा असेल तर कलम 478. आठवडाभरात जामीनदार देता आला नाही म्हणजे माणूस गरीब आहे असं कोर्टानं धरायचं आणि नुसत्या बाँडवर सोडायचं. वापरलं जात नाही, कारण आठव्या दिवशी अर्ज करणारा कुणी नसतो. तो तुमचा स्वयंसेवक. अजामीनपात्र असेल तर 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार: सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा सचिवाला कळवायचं, महिनाभरात जामीन भरला नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. 2023 च्या गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 पर्यंतची तरतूद आली, त्याचा अर्जही याच सचिवामार्फत.

दोन तारखा भिंतीवर लिहा. एक, साठावा दिवस. 310 (4) ला शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, किमान दहा नाही, म्हणून दोषारोपपत्राची मुदत नव्वद नाही साठ, असा मुद्दा 2017 च्या राकेश कुमार पॉल निकालावरून मांडा. सरकार पक्ष नव्या संहितेतली बदललेली शब्दरचना दाखवेल, तयारीत जा. जामिनाचा अर्ज एकसष्टाव्या दिवशी सकाळी, दोषारोपपत्र यायच्या आत. दोन, कलम 479. आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका, इतरांना अर्धा काळ काढल्यावर. इथे खोच अशी की एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर ही सवलत जाते. आणि ज्याच्यावर 124 चे चार कागद केलेत त्याचे प्रलंबित गुन्हे चार असतातच. म्हणून छोटे गुन्हे आधी निकाली काढून घ्या, पण सुटायची घाई म्हणून ‘गुन्हा कबूल’ करून नाही. दोनशे रुपये दंड भरून कबूल केलेलं 122 म्हणजे शिक्षा. वरचा ‘सराईत’ मग खराखुरा होतो.

निर्दोष सुटल्यावर एक काम कुणीच करत नाही. 2022 च्या ओळख कायद्याखाली घेतलेली मापं, ठसे, फोटो 75 वर्षं ठेवता येतात. पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस सुटला असेल तर, अपिलाचे मार्ग संपल्यावर, ती नष्ट करायची असतात. निकालाची प्रत जोडून अर्ज करा, नाहीतर पुढच्या अल्बममध्ये तोच फोटो.

---

आकडेमोड्या

परदेशी भागाचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या कोठडी-मृत्यूंवरच्या रॉयल कमिशननं 1991 मध्ये 99 मृत्यू तपासले, 339 शिफारशी केल्या. त्यातला निष्कर्ष इथे उपयोगी आहे: एकदा आत गेल्यावर आदिवासी इतरांपेक्षा जास्त प्रमाणात मरत नव्हते, ते आतच खूप जास्त प्रमाणात जात होते. म्हणजे कोठडीच्या भिंती सुधारण्याआधी अटकेचा दरवाजा बघा. वरच्या 122 च्या चर्चेला हे अगदी लागू पडतं.

पण ते प्रमाण काढायला त्यांच्याकडे मोजणी आहे. आपल्या राष्ट्रीय तुरुंग आकडेवारीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि इतर एवढेच रकाने. फासेपारधी जमातीत जातो, राज पारधी दुसरीकडेच. विमुक्त म्हणून किती लोक आत आहेत हे कुठल्याच पानावर दिसत नाही. तेव्हा ‘देशात विमुक्तांचं तुरुंगातलं प्रमाण इतकं टक्के’ असं व्हॉट्सॅपवर आलं तर टिपणात घेऊ नका. त्यापेक्षा एका मॅजिस्ट्रेट कोर्टातले तीन महिन्यांचे 122 आणि 124 चे रिमांड मोजा: कलम, नोटीस दिली का, वकील होता का, जामीन किती, किती दिवसांनी सुटका. पाच रकाने पुरतात. नावं नको.

कॅनडात शिक्षा ठरवताना आदिवासी आरोपीची पार्श्वभूमी बघायची असं फौजदारी संहितेचं 718.2 (e) सांगतं, आणि 1999 च्या ग्लॅड्यू निकालापासून तसे अहवाल कोर्टात येतात. तरीही तिथल्या तुरुंगांत आदिवासींचं प्रमाण कमी झालेलं नाही, हेही लिहा. शिक्षेच्या टप्प्यावरची सहानुभूती अटकेच्या टप्प्यावर पोहोचत नाही. आपल्याकडे असा खास कायदा नाही, पण 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या) परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागता येतो, आणि एकविसाच्या आतला आरोपी असेल तर तुरुंगात का पाठवतोय याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. जमातीचा इतिहास त्या अहवालात बचावासाठी येऊ शकतो.

---

भायखळा_पूल

जमातीचं नाव रिमांड रिपोर्टमधून काढा म्हणायचं आणि परिवीक्षा अहवालात घाला म्हणायचं, यावर कोर्ट विचारेल ना?

---

जुनं_दप्तर

विचारेल. उत्तर असं द्या: रिमांडमध्ये जमात पुराव्याच्या जागी बसवलेली असते, अहवालात ती परिस्थिती म्हणून येते. आणि अहवालात नुसतं ‘फासेपारधी’ लिहू नका. किती वेळा वस्ती उठवली, मुलाची शाळा कुठल्या इयत्तेत सुटली, रेशनकार्ड कधीपासून नाही, हे तारखांसह लिहा. अधिकाऱ्याला पालावर यायला सांगा, कार्यालयात बसून फॉर्म भरलेला अहवाल वाचला की लगेच कळतो.

टिपण झालं की इथे टाका, 310 चा भाग एकदा तपासून देतो. आणि कलमांचे जुने नंबर कंसात ठेवा, ठाण्यात अजून सगळे ‘तीनशे नव्व्याण्णव’च म्हणतात.